चौतीस छातीचा कॅप्टन

४ फेब्रुवारी

दादा,

आजोबांचा कोट पार्सलने पाठवतोस आणि वर पुन्हा ‘अर्जंट’ लिहितोस. एक तर कोट वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने असा करकचून बांधलास, जणू तो वाटेत पळून जाणार होता. आत डांबराच्या गोळ्या मूठभर. पोस्टमन माझ्या दारात सात वेळा शिंकला आणि सही घेताना म्हणाला, बाई, यात काय मेलंय? मी म्हटलं, आमचे कॅप्टन आजोबा. तर तो बिचारा टोपी काढून उभा राहिला. मग त्याला आत बसवून पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ सैन्यात कॅप्टन होते, सव्विसाव्या वर्षी लढाईत गेले, लग्न नाही, मूलबाळ नाही, मागे राहिला हा एक समारंभाचा कोट आणि माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे तुझ्या, दिवाणखान्यातला एक फोटो. पोस्टमनने आणखी एक पेला पाणी मागितलं. माझी सकाळ गेली.

आणि चिठ्ठीत काय, तर ‘छाती चार इंच वाढवावी. ८ मार्चपूर्वी. अर्जंट.’ सुई, कशी आहेस, नाही. गुडघा कसा आहे, नाही. मी काही तुझ्यासारखी मुख्याध्यापकी संपवून पेन्शनीत बसलेली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंचे चाळीस गणवेश माझ्या उशाशी रचलेत, त्यावर रखवालदारांच्या पँटी. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नसताना बोलत मात्र तूच असतोस. म्हणून हे पत्र.

दादा, कोट म्हणजे फुगा आहे का, चार इंच वाढवायला? आत दुमडलेलं जादा कापड सगळं मिळून पाऊण इंच निघेल. बाकीचं हवं तर पाठ मधोमध कापायची आणि नवी पट्टी घालायची. त्यांचं या जगात दुसरं काही उरलं नाही असं तूच दरवर्षी रुमाल डोळ्यांना लावून सांगतोस, आणि तूच मला त्यांच्या पाठीत कात्री घालायला सांगतोस. कुणासाठी? तुझ्या मुलाला घालायचा असेल तर त्याचं पोट कमी करणं माझ्या हातात नाही.

आणखी एक. आतल्या खिशाच्या अस्तराला एक चिंधी टाचलेली आहे. जुने शिंपी असं करायचे, मीही करते. गिऱ्हाइकाचं माप चिंधीवर लिहून आत टाचून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी माणूस समोर नसला तरी चालतं. हिच्यावर त्यांचं नाव आहे, हुद्दा आहे आणि आकडे आहेत. छाती चौतीस. चौतीस, दादा. आमच्या ह्यांची छाती चौतीस आहे, आणि वारा सुटला की मी त्यांना एकटं बाहेर पाठवत नाही. तुझ्या फोटोतला कॅप्टन तर कपाटाएवढा आहे. हे काय आहे ते नीट लिही.

तुझी
सुई


९ फेब्रुवारी

चि. सुईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ते सोबत परत पाठवत आहे. लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या (एकूण एकतीस) पाहाव्यात व प्रत्येक शब्द वहीत पाच वेळा लिहावा. चौथीत शाळा सोडली म्हणून शुद्धलेखनही सोडावे असे नाही.

आता मुद्द्याचे. मी जेथे तीस वर्षे मुख्याध्यापक होतो त्या शाळेच्या नव्या सभागृहाला आपल्या कॅप्टन आजोबांचे नाव देण्याचे ठरले आहे. ८ मार्चला समारंभ. व्यासपीठाशेजारी त्यांचा दगडी अर्धपुतळा बसवला आहे. शिल्पकाराने आपल्याकडील फोटोवरून तो घडवला. काय तो जबडा, काय ती नजर! पुतळ्याची छाती मी स्वतः टेपने मोजली. अडतीस भरली.

पुतळ्याशेजारी काचेच्या कपाटात कोट ठेवायचा आहे. समारंभ समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही एकत्र पाहिले आणि मला विचारले, हा कोट त्यांच्या लहानपणचा का? सर्वांसमोर विचारले. मी एवढा ओशाळलो की विषय बदलून पंख्यांविषयी बोलू लागलो. एवढ्याचसाठी छाती वाढवायची आहे. कोणी अंगात घालणार नाही.

कोट इतकी वर्षे ट्रंकेत होता, लोकर आकसली असणार. चिंधीवरचे चौतीस हे शिंप्याने घाईत लिहिले असावे. चाळीस असावे. अशा छातीशिवाय माणूस शत्रूच्या गोळीसमोर उभा राहत नाही, हे मी गेली चाळीस वर्षे भाषणात सांगत आलो आहे.

आत्याचे ऐकून तुला वाईट वाटेल. आपल्या दोघांच्या वडिलांची ती एकच बहीण, आता शहाऐंशी झाली. रोज दुपारी फोटोसमोर खुर्ची ओढून बसते आणि हसते. परवा अध्यक्ष चहा घेत असताना ती फोटोकडे पाहून म्हणाली, “बाबा, सोडा आता श्वास.” कॅप्टन आजोबांना ती आपले वडील समजते, म्हणजे आपले बेकरीवाले आजोबा! स्मरणशक्ती गेली, दुसरे काय. मी तिला हळूच आतल्या खोलीत नेऊन बसवले.

काम वेळेत व्हावे.

तुझा
दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

एकतीस चुका माझ्या, कबूल. पण ‘चाळीस असावे’ ही बत्तिसावी तुझी, आणि ती सगळ्यांत मोठी. शिंपी गिऱ्हाइकाचं नाव चुकवेल, पत्ता चुकवेल, स्वतःच्या लग्नाची तारीख चुकवेल. छाती चुकवणार नाही. चुकवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती छाती दुकानात येऊन उभी राहते आणि ओरडते.

आणि लोकर आकसली म्हणे. आकसली तर सगळीकडून आकसेल ना, का फक्त छातीला लाजेल? चिंधीवरची बाही कोटाच्या बाहीशी जुळते, उंची जुळते, गळा जुळतो, खांदा जुळतो. मी दोनदा मोजलं. मग आमच्या ह्यांना मोजायला लावलं. ते घड्याळं दुरुस्त करतात, भिंग लावून मोजलं त्यांनी. चौतीस.

आता गंमत ऐक. तू चाळीस वर्षं या माणसावर भाषणं देतोस, मी चार दिवस याचा कोट मांडीवर घेऊन बसले आहे, आणि मला वाटतं मला जास्त माहीत झालंय. डावा खांदा अर्धा इंच खाली होता त्यांचा. शिंप्याने तिथे आत जादा कापूस भरलाय, शहाणा होता तो शिंपी. काखेत दोन्हीकडे उसवून पुन्हा शिवलंय, दोनदा. समारंभाच्या कोटाला काखेत उसवायला काय करावं लागतं सांग. समारंभात कडक उभं राहतात, दादा. हा माणूस हातवारे करत होता. उजव्या कोपरावरची लव गेलीय, म्हणजे टेबलावर कोपर टेकून बसायचा, तुझ्या शाळेत असता तर तू पट्टी मारली असतीस. आणि आतल्या खिशात काय सापडावं? पेन्सिलीचे दोन तुकडे. दोन्हींची मागची टोकं चावून चोथा केलेली. सव्विसाव्या वर्षी, कॅप्टन होऊन, पेन्सिली चावत होते. मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

खरं सांगू? मला आजवर त्या फोटोतल्या माणसाची भीती वाटायची. लहानपणी तुझ्या घरी आले की मी त्या भिंतीला पाठ करून जेवायचे. या कोटातल्या माणसाची वाटत नाही. हा मला आवडायला लागलाय.

पण एक गोष्ट कळत नाही. पाठीची मधली शिवण गळ्यापासून कमरेपर्यंत पूर्ण उसवलेली होती आणि नंतर कुणीतरी हाताने परत शिवली आहे. आधी टाके बारीक, मग एकदम वेडेवाकडे, एका ठिकाणी तर एकाच भोकातून तीनदा सुई घातलीय. माझ्या हाताखाली कुणी असं शिवलं असतं तर मी घरी पाठवलं असतं. हे कुणी केलं, का केलं?

त्या फोटोची नीट मोठी प्रत काढून पाठव. तोंड नको, मला कोट बघायचाय. आणि तोवर मी कात्री हातात घेणार नाही.

सुई


१६ फेब्रुवारी

चि. सुईस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पाठ उसवलेली! तुला कळले नाही, मला लगेच कळले. जखमी अधिकाऱ्याच्या अंगातून कोट ओढून काढता येत नाही, वेदना होतात. रणभूमीवरील डॉक्टर तो पाठीमागून फाडतात. सुई, त्यांच्या अखेरच्या घटकेचा पुरावा आज इतक्या वर्षांनी तुझ्या मशीनवर पडला आहे.

मी त्याच संध्याकाळी समितीची बैठक बोलावली. अध्यक्षांनी दोन मिनिटे शांतता पाळायला सांगितली, ती सहा मिनिटे झाली, कारण घड्याळ कोणी पाहत नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत ‘शल्यचिकित्सकाच्या हातांनी फाटलेला वीराचा कोट’ अशी ओळ घातली असून छपाई झाली आहे. माझ्या भाषणाचा शेवटही बदलला. तुला वाचून दाखवावासा वाटतो: ‘या आवळलेल्या जबड्यात निर्धार आहे. या रोखलेल्या नजरेत सीमा आहे. या फुललेल्या छातीत एक अख्खे सैन्य आहे.’

पेन्सिलींचा उल्लेख बाहेर कोठे करू नये. तुझ्या दुरुस्त्या (एकोणीस, प्रगती आहे) सोबत आहेत.

फोटोची प्रतही सोबत आहे. आता तरी काम सुरू करावे. पाठ एकदा फाटलेलीच आहे, तेथेच पट्टी घालता येईल.

आत्या तशीच. काल मी तिला डॉक्टरांची हकिकत सांगितली तर तिला हसून हसून ठसका लागला. पाठीवरून हात फिरवावा लागला.

तुझा
दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

खुर्चीत बस. उभा राहून हे वाचू नकोस.

पहिलं. कोणत्याही डॉक्टरने हा कोट फाडलेला नाही. डॉक्टर घाईत असतो, तो सरळ कापड कापतो. इथे कापडाला धक्का नाही, शिवणीचा धागा एकेक टाका पकडून निगुतीने उसवलाय. असं कोण करतं? ज्याला तो परत शिवायचा असतो तो. आणि कोटावर रक्ताचा ठिपका नाही, मातीचा कण नाही. समारंभाचा कोट घालून लढाईला कोण जातं? तो मागे ट्रंकेत राहिला, म्हणून तर घरी आला. हे तुझ्या सबंध समितीत एकालाही सुचलं नाही, सहा मिनिटं गप्प बसून.

दुसरं. फोटो आला. मी भिंग लावून पाहिला. बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर आहेत. कोट हाच, बटणं हीच, खिशावरचा तो छोटा रफूसुद्धा तिथेच. पण मुंढ्यात, बाही जोडतात तिथे, कापड असं ताणलंय की सुरकुत्या थेट गळ्यापर्यंत गेल्यात. बटणं काजातून बाहेर यायला बघताहेत, सगळ्यांत खालचं तर लागलेलंच नाही, त्यावर हात ठेवून झाकलंय. आणि तोंड बघ त्या माणसाचं. गाल फुगलेत, डोळे बाहेर आलेत. दादा, तुझा तो निर्धार म्हणजे रोखून धरलेला श्वास आहे. पाठ उसवून, मागे टाचण्या लावून त्याला कोटात कोंबलंय. त्याने श्वास सोडला असता तर बटण फोटोवाल्याच्या डोळ्यात गेलं असतं.

खात्री करायला मी आमच्या ह्यांना कोट घातला. रागवू नकोस, घालण्याआधी हात धुवायला लावले. दादा, काय बसला म्हणून सांगू. बाही बरोबर मनगटावर. वीस वर्षांत हा माणूस कधी ताठ उभा राहिला नव्हता, तो असा उभा राहिला की मीच दोन पावलं मागे गेले. तेवढ्यात दोन नर्सबाई गणवेश न्यायला आल्या, त्यांनी सलाम ठोकला. यांनी परत ठोकला. मग कोट काढेचनात. कोटातच घड्याळ दुरुस्त करतो म्हणाले, मी काढून घेतला.

तेव्हा तिसरं. त्या फोटोतला माणूस या कोटाचा मालक नाही. तू दुसऱ्याच कुणाचा तरी पुतळा करून बसला आहेस.

कोणाचा, ते मला वाटतं घरात एकीला माहीत आहे आणि तिला तू आतल्या खोलीत बसवतोस. आत्या वेडी नाही. तिच्यासमोर बस, भाषण करू नकोस, विचार आणि ऐक. ऐकणं म्हणजे दुसरा बोलत असताना आपण न बोलणं.

सुई


२२ फेब्रुवारी

सुई,

या वेळी तुझे पत्र परत पाठवत नाही. दुरुस्त्या केल्या नाहीत.

काल दुपारी आत्या नेहमीसारखी फोटोसमोर बसली होती. मी स्टूल घेऊन शेजारी बसलो आणि विचारले, हे कोण? ती म्हणाली, “कोट कॅप्टनचा. आत माझे बाबा.”

मग तिने सर्व सांगितले. मी मध्ये बोललो नाही. दोनदा तोंड उघडले, तिने हात वर केला.

कॅप्टन आजोबांचा एकही फोटो कधी नव्हता. ते स्टुडिओत एक क्षण स्थिर बसत नसत, प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या जागी धूर यायचा, मग त्यांनी नादच सोडला. ते गेल्याचे कळले, महिन्याने ट्रंक आली. आणि त्यानंतर पणजी विसरू लागली. म्हणजे तिला तसे वाटू लागले. जो येईल त्याला विचारायची, त्याचे नाक कसे होते हो? हनुवटीला खळी होती ना? कोणी हो म्हणायचे, कोणी नाही. ती चुलीसमोर बसून रडायची की पोटच्या पोराचा चेहरा मला आठवत नाही.

बेकरीवाले आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे. स्वतःच्याच भट्टीतले पाव खाऊन सुटलेले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी ट्रंकेतून कोट काढला, पाठ उसवली, पलीकडच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत गेले. फोटोवाल्याने मागे टाचण्या लावल्या आणि मिशी चिकटवली. घरी आणून आईला सांगितले, सैन्याकडून आला, त्यांच्या दप्तरात सापडला म्हणे.

पणजीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि एवढेच म्हणाली, “मिशी छान कोरली आहे.” मग भिंतीला लावला.

दुसऱ्या दिवशी आजोबा भट्टीवरून आले, तर ती दारात कोट मांडीवर घेऊन पाठ शिवत बसली होती. चष्मा नव्हता तिला. आजोबांनी पाहिले. तिने पाहिले की त्यांनी पाहिले. ते हातपाय धुवायला गेले. पण तिने नाक-डोळे विचारणे त्या दिवसापासून बंद केले. पुढे आत्या मोठी झाल्यावर पणजीनेच तिला हे सांगितले आणि म्हणाली, “एक पोरगा फोटोला उभा राहिला नाही, आणि दुसरा उभा राहिला तो श्वास घ्यायला विसरला.” आत्या त्यावर हसते, सुई. सत्तर वर्षे त्याच वाक्यावर हसते आहे.

मी विचारले, मला कोणी का सांगितले नाही? ती म्हणाली, सगळ्यांना ठाऊक होते, पण तू लहानपणापासून त्या फोटोपुढे उभा राहून इतके छान बोलायचास, की म्हटले बोलू दे.

मी चाळीस वर्षे त्या नजरेबद्दल बोललो. ती पाववाल्याची नजर होती आणि त्याला बटणाची काळजी होती. व्यासपीठाशेजारी अडतीस छातीचा दगड उभा आहे. पत्रिका वाटून झाल्या आहेत. माझे जुने विद्यार्थी लांबून येणार आहेत, त्यांच्यातले काही स्वतः आजोबा झाले आहेत. मी त्यांच्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहू?

म्हणून तुला विनवतो. आजोबांनी आईसाठी जे केले, ते आपण एकदाच शाळेसाठी करू. तू गुपचूप कोट मोठा कर. मी, तू आणि आत्या, चौथ्या कानाला कळणार नाही.

काल आरशासमोर भाषणाचा सराव केला. ‘या रोखलेल्या नजरेत’ एवढे म्हटले आणि मला हसू आले. थांबवता येईना. सुई, भाषणात मला आजवर कधी हसू आलेले नाही. आता समारंभात आले तर?

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. ह्यांनी ऐकलं, शेजारणीने ऐकलं, गणवेश न्यायला आलेल्या दोन रखवालदारांनी ऐकलं, तेव्हा चौथ्या कानाचं विसर, कान मोजण्याच्या पलीकडे गेलेत. ‘बटणाची काळजी’ला आम्ही सगळे इतके हसलो की एक रखवालदार जमिनीवर बसला. त्याच्या पँटीची शिवण गेली. तीही आता मलाच घालायची आहे. आणि मग ते दारात कोट शिवत बसण्याचं आलं, आणि कुणीच हसेना. शेजारीण पदर तोंडाला लावून घरी गेली, ती अजून आली नाही.

त्या टाक्यांना मी नावं ठेवली होती. मागे घेते. कोट कितीदाही शिवायला आला तरी त्या टाक्यांना मी हात लावणार नाही. एकाच भोकातून तीनदा सुई का गेली, ते मला आता कळतं आणि लिहायचं नाही.

आता तुझी विनवणी. नाही.

थांब, कारण ऐक, मी तुझ्यासारखी नुसतं लाल शाईने खोडत नाही. आजोबांनी शिवण उसवली, कापडाला कात्री लावली नाही, कारण भाऊ परत येणार नसला तरी कोट त्याचाच राहायला हवा होता. तू कापडच कापायला सांगतोस. आणि आजोबा खोटं बोलले ते एका बाईसाठी, जिचा मुलगा गेला होता, आणि तिनेही ते ओळखून गप्प शिवून टाकलं. तू खोटं बोलणार समितीसाठी. समितीचं कोण गेलंय?

आणि तोंड काय घेऊन उभा राहू म्हणतोस. दादा, तू चाळीस वर्षं मुलांना सांगितलंस की अशा छातीशिवाय माणूस गोळीसमोर उभा राहत नाही. त्या शाळेत काडीपैलवान मुलं किती बसली असतील मागच्या बाकावर, आपली छाती चाचपत? मी असते तर मी चाचपली असती. त्यांना एकदा कळू दे की चौतीस छातीचा, एक खांदा खाली असलेला, पेन्सिली चावणारा माणूस पुढे गेला आणि परत आला नाही. हे तुझ्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं आहे, आणि ते आपल्याकडे चिंधीवर शाईने लिहिलेलं आहे. तुझ्या कॅप्टनचं काही कमी झालेलं नाही. उलट आता कुठे तो माणूस झालाय.

पुतळा हलवायचा नाही. बेकरीवाल्या आजोबांचा पुतळा कधीतरी व्हायलाच हवा होता, त्यांनी अख्ख्या गल्लीला पाव खायला घातले. फक्त खाली पाटीवर खरं लिहायचं. हा कॅप्टनचा धाकटा भाऊ, आईसाठी थोरल्याच्या कोटात बसला. शेजारी काचेत कोट, आहे त्या मापाचा, पाठ लोकांकडे करून ठेवायचा, म्हणजे ते टाके दिसतील. आणि चिंधी बाहेर काढून समोर टाचायची.

हसू आलं तर हस. सभागृहात तीनशे माणसं असतील, त्यांनाही येईल. आत्याला पहिल्या रांगेत बसव, ती सुरुवात करून देईल. आतल्या खोलीत तिला पुन्हा बसवलंस तर मी तिला इकडे घेऊन येईन, माझ्याकडे आतली खोलीच नाही.

मी माझं काम केलं आहे. दोन बटणं सैल होती ती घट्ट केली, अस्तर आतून धरलं, इस्त्री केली. बाकी काही नाही. कोट पोस्टाने परत येणार नाही. तू खरं बोलणार असशील तर मी घेऊन येते, नाहीतर तो माझ्या खिडकीत टांगलेला राहील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच सगळी गोष्ट सांगेन, पोस्टमनपासून सुरुवात करून. तो रोज विचारतोय.

तुला एकच शब्द लिहायचा आहे, हो किंवा नाही. खाली कारणं नकोत. सात तारखेच्या बसची जागा मला एक मार्चला धरायची आहे, तिकिटाची खिडकी पाचला बंद होते. हो असेल तर मी दोन जागा धरणार, एक माझी आणि एक कोटाची, कारण घडी घालून मी त्यांना आणणार नाही. कंडक्टरने विचारलं तर सांगेन, माणूस आहे. एक मार्चच्या दुपारच्या टपालात मला उत्तर हवं.

सुई